भिंतीवरची वावरं

अक्का,

आम्हा निवृत्त मुख्यसेविकांची एक छोटी स्मरणिका निघते. तिच्यासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असा निरोप आला. सोबत एक कोरा तक्ताही आला. जन्मतारीख, शिक्षण, सेवेचा काळ, मिळालेले पुरस्कार. पहिल्याच रकान्यापाशी मी अडले. तुझी जन्मतारीख तुलाही कुठं ठाऊक होती? "पांढरीतल्या चिंचेवर ईज पडली ना, त्या साली," असं तू कार्यालयात सांगितलंस आणि कारकुनानं मान खाली घालून एक जून लिहून टाकला. मग दरवर्षी एक जूनला मी तुला चिडवायची, "अक्का, आज तुझा सरकारी वाढदिवस."

तक्ता बाजूला ठेवला आहे. तुझ्याशीच बोलते.

तू गेल्याला बारा दिवस झाले. या बारा दिवसांत मला तुझा चेहरा कमी आणि तुझ्या अंगणवाडीची ती भिंत जास्त दिसते आहे. ती चुन्यानं पांढरी मी केली होती, तू गावात नसताना, तुला न विचारता. आपण पुढं सख्ख्या बहिणींसारख्या झालो, एकमेकींच्या लेकींची लग्नं लावली, पण "अक्का, माझं चुकलं" एवढं मला कधी म्हणता आलं नाही. ते म्हणण्यासाठीच लिहायला बसले आहे.

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हाची गोष्ट. कार्यालयात ताज्या रंगाचा वास यायचा, पाट्यांवरचं 'उस्मानाबाद' खरवडून 'लातूर' लिहायचं काम चालू होतं. मी मुखेडची. नांदेडच्या वसतिगृहात राहून बी.ए. झालेली, आमच्या घरातली पहिली. नेमणुकीचा कागद दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गल्लीत सगळ्यांना दाखवला होता. तो त्यांना वाचता येत नव्हता, पण माझं नाव कोणत्या ओळीत आहे ते त्यांनी पाठ करून ठेवलं होतं. मला शिरूर अनंतपाळकडची गावं मिळाली. अंगणवाड्या तपासायच्या, रजिस्टरं बघायची, पोरांची वजनं घ्यायची, सुकडी वाटली जाते की नाही ते पाहायचं. पावसानं त्या वर्षीही पाठ फिरवली होती. एसटीच्या खिडकीतून दिसायचं ते सगळं एकाच रंगाचं असायचं.

ज्या गावात जावं तिथं पहिला प्रश्न ठरलेला होता: "मॅडम, आडनाव काय?" आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लहानपणापासून वाचत आले होते. तुझ्या गावी उतरले तेव्हा उत्तर तोंडात तयार ठेवलं होतं. तू मला वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि विचारलंस, "गाणं कोणतं येतंय तुमाला?"

मी गडबडून म्हणाले, "गाणं? मी तपासणीला आले आहे."

"मंग तपासा की. पर पोरं बिनगाण्याची बसत न्हाईत माझी."

माझा काही इलाज नव्हता. शाळेत पाठ केलेली एक प्रार्थना मी म्हटली. पोरं माझ्याकडं टकामका बघत राहिली. मग तूच टाळी धरलीस आणि तुझ्या त्या खरखरीत आवाजात सुरू केलंस:

एक घागर, दोन घागर, टँकर आला गं,
तीन घागर, चार घागर, नंबर माझा गं...

वीस घागरींपर्यंत सगळी पोरं गेली. एकही अडखळलं नाही. तीन-चार वर्षांची पोरं, आणि वीसपर्यंत. रजिस्टरमध्ये 'अंकओळख' असा रकाना होता. त्यात काय लिहावं ते मला कळेना.

तुझी खोली गावाच्या आणि आमच्या समाजाच्या वस्तीच्या बरोबर मध्ये होती. मारुतीच्या देवळाची ओसरी फुकट मिळत असताना तू ती घेतली नाहीस, ही पडकी खोली मागून घेतलीस. "देवळात निम्मीच पोरं आली असती," एवढंच म्हणालीस. तू स्वतः वीस एकरवाल्यांच्या घरची सून. सासऱ्यानं यावरून सहा महिने तुझ्याशी अबोला धरला होता, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

आणि त्या खोलीत ती भिंत होती. मातीची, शेणानं सारवलेली. प्रत्येक पोरानं तिच्यापुढं उभं राहून दोन्ही हात पसरायचे. जेवढे हात पोहोचतील तेवढा तुकडा त्याचा. त्याला तू 'वावर' म्हणायचीस. "हे सद्याचं वावर, हे अनूचं, हे जनीचं." पाटलाच्या नातवालाही त्याच्या हाताएवढंच, आणि ज्याच्या बापाच्या नावावर वीतभर रान नाही त्यालाही त्याच्या हाताएवढंच. आमच्या वस्तीतली एक आजी दारातून डोकावून हसत म्हणाली होती, "पहिल्यांदाच आमच्या पोराला वाटणी मिळाली बगा."

त्या वावरात पोरांनी हवं ते काढायचं. कोळसा तुझ्या हातचा. तुरीच्या वाळक्या तुराट्या पेटवायच्या आणि पुरत्या जळायच्या आधी मडक्यात कोंबून वरून राख दाबायची. सकाळी अख्ख्या, हलक्या, काळ्याभोर कांड्या निघायच्या. "बाभळीचा कोळसा भिंत खरडतो. तुराटीचा लिहितो," म्हणायचीस. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी हळद. दर शुक्रवारी सगळी भिंत सारवून कोरी करायची आणि सोमवारी पोरांनी पुन्हा पेरायला यायचं.

दुष्काळात सारवायला पाणी राहिलं नाही. त्यामुळं शुक्रवारचं सारवण बंद झालं, आणि भिंत पुसायची थांबली. रेघेवर रेघ चढत गेली. मी दर महिन्याला यायचे तेव्हा ती जास्त दाट झालेली असायची. टँकर, घागरींच्या रांगा, बाजाराला चाललेले बैल, खडी फोडणाऱ्या बाया. पण हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला त्यात फक्त रेघोट्या दिसत होत्या.

आपलं भांडण त्यावरूनच. मी म्हणायचे, "कौसाबाई, पोरांना अक्षरं शिकवा. पुढच्या वर्षी शाळेत जातील तेव्हा काय करतील?"

"मॅडम, बोट वळल्याबिगर अक्षर कसं वळंल? ती भाकर थापून बघितली का तुमी लहानपणी? आधी वाकडीच होती का न्हाई?"

"माझ्या आई-वडिलांनी खडी फोडली. मी त्या खडीच्या ढिगावर बसून अ-आ गिरवलं, म्हणून आज इथं आहे. ज्यांच्या घरी पुस्तक आहे त्यांना चित्रं काढणं परवडतं. आपल्या पोरांना अक्षरच पाहिजे."

यावर तू उठलीस. मला वाटलं, मी जिंकले. तू आत जाऊन पाणी आणलंस. तांब्यातलं सगळ्यात तळाचं, म्हणजे त्या दिवशीचं तुमच्या घरचं शेवटचं. मी ते प्यायले, आणि ते शेवटचं होतं हे मला नंतर तुझ्या मदतनीस गोदाबाईनं सांगितलं.

मग जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर येणार असल्याची खबर आली. नवा जिल्हा, नवे साहेब, त्यांचा पहिला दौरा, आणि माझ्याकडच्या गावांतून निवड झाली ती तुझ्या गावाची. कार्यालयातल्या वरिष्ठ बाई मला म्हणाल्या, "अंगणवाडी कशी दिसली पाहिजे, तुम्हाला सांगायला नको." माझी नोकरी अजून पक्की नव्हती. मला दादा दिसायला लागले, तो कागद हातात धरून उभे असलेले.

आदल्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं आले. सोबत चुन्याची पुडी आणि दोन कुंचे होते. तू सुकडीची पोती आणायला निलंग्याला गेली होतीस. गोदाबाई दारात आडवी उभी राहिली. "अक्का येऊ द्या, मॅडम. पोरांची वावरं हायेत ती."

"गोदाबाई, उद्या साहेब येणार आहेत. त्यांना हा कोळसा दाखवायचा का?"

"पाणी कुठलं आणायचं चुन्याला?"

सरपंचांकडं जाऊन मी दोन घागरी मागून आणल्या. 'सरकारी काम आहे' असं सांगितलं. दुपारपर्यंत भिंत पांढरीधोप झाली. मग नीळ कालवून मी तिच्यावर मुळाक्षरं लिहिली. माझं अक्षर चांगलं. अ ते ज्ञ, एकसारखी, सरळ रेषेत. लिहून झाल्यावर लांब उभं राहून बघितलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच सांगते. मला वाटलं, अशी भिंत मला लहानपणी मिळाली असती तर.

दिवस मावळायच्या सुमाराला तू बैलगाडीतून पोत्यांवर बसून आलीस. दारात थांबलीस. आत आलीस, भिंतीवर बोट फिरवलंस, बोटाला लागलेला चुना पदराला पुसलास. मी म्हणाले, "साहेबांसाठी..." तू एवढंच विचारलंस, "पाणी किती लागलं?"

"दोन घागरी."

"दोन घागरी," तू म्हणालीस, आणि पोती उतरवायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. भिंत बघून खूश झाले. "वा, हे पाहिजे. ग्रामीण भागात हे पाहिजे." त्यांनी एका पोराला 'क' दाखवून विचारलं, "हे काय?" पोरगं म्हणालं, "निळं." सगळे हसले. तू टाळी धरून घागरीचं गाणं घेतलंस, साहेबांनी मान डोलावली, वेळ निभावली. मग साहेब सुकडी चाखत असताना पोरं रोजच्या सवयीनं उठली आणि भिंतीपाशी गेली. एकेक जण हात पसरून भिंतीला चिकटून उभं राहिलं, आपापलं वावर शोधत. कोणी कोणाला ढकललं नाही. ओळखायला एकही खूण उरली नव्हती, तरी आपली जागा कुठून कुठपर्यंत आहे ते प्रत्येकाच्या हातांना ठाऊक होतं.

"हे काय, कवायत का?" साहेबांनी विचारलं.

दारापासून तिसऱ्या जागेवर जनी होती. चार वर्षांची जनी, जी अंगणवाडीत आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्या नावापुढं 'मुकी?' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं. तिच्या वावरात फक्त गोल असायचे, एकात एक, एकावर एक. तिनं पसरलेले हात खाली घेतले, वळून सरळ माझ्याकडं बघितलं आणि स्वच्छ आवाजात विचारलं:

"माझा बा कुठाय?"

गोदाबाईच्या हातातलं पातेलं पडलं. साहेबांना काय ठाऊक? ते वाकून म्हणाले, "बाळ, वडील कामाला गेले असतील. येतील हं." आणि जीपकडं निघाले. जाताना माझ्या वहीत शेरा लिहून गेले: 'उत्तम. इतरत्र अनुकरण व्हावे.'

जीप गेल्यावर मी तुला विचारलं, "जनीच्या वडलांना काही झालं का?"

"न्हाई. हिरीत हाय." गावची विहीर खोल करायचं काम चालू होतं आणि जनीचा बाप रोज सकाळी दोरानं आत उतरायचा. जनीला आई नव्हती. तो उतरला की ही काठावर बसून खाली बघत राहायची, तू तिला तिथूनच उचलून आणायचीस. "वरनं बगितल्यावर हीर गोलच दिसती की. अन् आत त्यो. ठिपक्याएवढा. रोज काढून ठेवायची इथं. ठिपका हाय म्हंजी बा हाय."

त्या गोलांत ठिपके होते. मी दर महिन्याला बघत होते, आणि मला ते दिसले नव्हते.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. मी काय केलं? पिशवी उचलली आणि चारच्या गाडीनं लातूरला आले. पुढच्या दोन महिन्यांत त्या शेऱ्याच्या आधारानं माझ्याकडच्या सगळ्या गावांतल्या भिंती पांढऱ्या झाल्या आणि त्यांच्यावर माझ्या अक्षरात मुळाक्षरं आली. माझी नोकरी पक्की झाली. दादांनी पेढे वाटले.

तू मात्र थांबली नाहीस. भिंत खराब करायची नाही, असा आता लेखी हुकूम होता. पुढच्या वेळी आले तर तू पोरांना घेऊन खोलीबाहेर फुफाट्यात बसलेली. प्रत्येकानं हात पसरून जमिनीवर आपलं वावर आखलेलं. जनी बोटानं गोल काढत होती आणि ठिपका ठेवताना मोठ्यानं म्हणत होती, "बा."

"पाणी न्हाई तर न्हाई," तू मला म्हणालीस, "फुफाटा तर लई हाय आपल्याकडं. अन् पुसायला बी मॅडम लागत न्हाई, वाराच पुसतोय."

मी हसले. तूही हसलीस. मग म्हणालीस, "बसा की, कामून उभ्या हाव? तुमचं वावर आखा." मी साडी सावरून धुळीत बसले आणि हात पसरले. काय काढावं ते सुचेना. शाळेत मला कुणी चित्र काढायला सांगितलंच नव्हतं. शेवटी मी 'अ' काढला. तू बघितलंस आणि म्हणालीस, "झाक काढलाय की. बसल्या बैलावानी दिसतंय." त्या दिवसापासून मी तुला अक्का म्हणायला लागले. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते आठवत नाही. तू मात्र शेवटपर्यंत मला मॅडमच म्हणालीस. रागावलीस की मगच 'पोरी'.

नंतर जे मी शिकवलं ते सगळं तुझं. सेविकांच्या शिबिरांत मी चिखलाचे बैल करायला लावले, टाळ्यांवर आकडे घेतले, तुराटीचा कोळसा कसा करायचा ते मुरुडपासून देगलूरपर्यंतच्या बायांना दाखवलं. 'लहान मूल आधी हातानं विचार करतं' असं मी माइकवर बोलायचे आणि टाळ्या पडायच्या. तू शेवटच्या रांगेत पाय दुमडून बसलेली असायचीस. एकदा बाहेर आल्यावर म्हणालीस, "मॅडम, लई भारी बोलला. मलाच वाटाय लागलं, हे मी पन करून बगावं." मी सगळं सांगायचे, तुझं नावही घ्यायचे. भिंतीची गोष्ट मात्र वगळायचे. तू तिथंच बसलेली असायचीस, आणि तीही वगळलेली तुला कळत असणार.

आपलं भांडण तसंच राहिलं, हेही खरं. तुझी पोरं पहिलीत गेल्यावर ज्यांच्या घरी कोणी वाचणारं नव्हतं ती मागं पडायची, हे मी तुला दाखवून दिलं होतं. तू मान्य केलं होतंस. "तुझं बी खोटं न्हाई, पोरी," रागातच म्हणालीस. मग नोकरीच्या शेवटच्या वर्षी पोरांच्या वावरात प्रत्येकाच्या नावाचं पहिलं अक्षर तू गेरूनं काढायला लागलीस. मी जिंकले म्हणून नाही. तुला पटलं म्हणून. अजून कधी वाटतं, मी बरोबर होते. अजून कधी त्या गोलांतले ठिपके आठवतात. तू असतीस तर आजही तासभर भांडलो असतो.

मागच्या महिन्यात लातूरच्या दवाखान्यात तुला भेटायला आले. तू बारीक झाली होतीस, पण हात तसेच, नखांच्या कडा काळ्या. मी ठरवून आले होते. म्हणाले, "अक्का, त्या भिंतीचं..." आणि तेवढ्यात डॉक्टर आले, तुझी सून मला म्हणाली, "मावशी, जरा बाहेर थांबा." बाहेर बाकावर बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हेही आज सांगून टाकते. परत आत आले तेव्हा तुझा डोळा लागला होता. तुला उठवलं असतं तर चाललं असतं. मी उठवलं नाही.

दहाव्याला गावी आले. जनी आली होती. आता ती उदगीरला शिवणकाम करते, आपल्या नातवंडांच्या गोष्टी सांगत होती. मी धीर करून तिला त्या दिवसाचं विचारलं. ती म्हणाली, "न्हाई बगा, मॅडम. भिंत-बिंत कायबी न्हाई आठवत. घागरीचं गाणं आठवतंय." आणि तिथं बायांमध्ये बसून तिनं ते हळू आवाजात वीसपर्यंत म्हटलं. माझ्या मनावरचं थोडं उतरलं. पण माझं देणं जनीकडं नव्हतंच. ते तुझ्याकडं होतं.

निघताना तुझ्या सुनेनं कोनाड्यातून एक डबा काढला. "आत्याबाई कुणाला हात लावू देत नव्हत्या. बगितलं तर कोळसेच हायेत. टाकून देऊ का?" तुराटीच्या कांड्या होत्या. पोरांच्या बोटांच्या मापाच्या, जाडीप्रमाणं लावून ठेवलेल्या. इतकी वर्षं निवृत्त होऊन तू अजून कोळसा करत होतीस.

डबा घेऊन मी स्टँडवर जायच्या ऐवजी अंगणवाडीकडं वळले. खोली आता सिमेंटची आहे. भिंतीवर छापील हत्ती, छापील फुलपाखरं, छापील मुळाक्षरं. खाली मात्र पोरांच्या हातांच्या उंचीवर दोनेक फूट पट्टा रिकामा आहे. नवी सेविका तरुण आहे, मला ओळखत नाही. मी तिला म्हणाले, "बाई, मी तुमच्या भिंतीवर थोडं काळं केलं तर चालेल का?" यावेळी विचारलं, अक्का.

ती हसून म्हणाली, "करा की."

दारापासून तिसऱ्या जागेवर मी खाली बसले. गुडघे आता वाकत नाहीत, बसायला वेळ लागला. तुझ्या डब्यातली एक कांडी घेऊन मी एक गोल काढला. वाकडाच आला. मध्ये ठिपका ठेवला. मग मी तुला जे म्हणायचं होतं ते म्हणाले, मोठ्यानं नाही, पण म्हणाले.

एक पोरगी, दोन वेण्यांची, येऊन माझ्या खांद्याला टेकून उभी राहिली होती.

"आजी, हे काय हाय?"

"हीर."

तिनं डोकं वाकडं करून गोलाकडं बघितलं. मग तुझ्यासारख्याच तपासणीच्या सुरात म्हणाली, "मंग हिच्यात मोटर कुठाय?"

मी कांडी तिच्या हातात दिली.